मळी वर येईपर्यंत

धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की सावळद्याला तापी ओलांडावी लागते. पलीकडच्या एका गुऱ्हाळापाशी मी थांबलो तो बाहेर पडलेल्या हिरव्या मोळ्यांमुळे. भेंडीची अख्खी झाडं होती, मुळांसकट. तोडा संपला की ही ढोरांपुढे जातात. गुऱ्हाळात त्यांचं काय काम?

एक बाई ती झाडं दगडावर ठेचून पाण्याच्या पिंपात चोळत होत्या. हात बाहेर काढला की बोटांवरून चिकाची लांब तार लोंबायची. हे पाणी रस साफ करायला; कोल्हापूरकडे त्यासाठी रानभेंडी वापरतात.

चरकातला रस येतो तो गढूळ, राखाडी-हिरवा. त्यात माती, उसाच्या सालीवरचं मेण, प्रथिनं, चिपाडाचा चुरा. आंबटपणा मारायला थोडी चुन्याची निवळी पडली, रस तापला, मग भेंडीचं पाणी. गुळव्याने लगेच हात वर करून चुलाणात चिपाड टाकणाऱ्याला थांबवलं. भेंडीचा चीक गाळाचे बारीक कण धरून ठेवतो आणि तापलेल्या रसात ते एकत्र होऊन वर येतात. पण उकळी फुटली तर सगळं पुन्हा रसात मिसळतं. काहिलीवर हळूहळू काळपट, जाड साय धरली, तिला भेगा पडल्या. हीच मळी. वास कच्च्या गवताचा, थोडा उग्र. झाऱ्याने ती निघत गेली आणि खालचा रस नितळ, सोनेरी दिसू लागला.

"शंभरले दहा," गुळव्या म्हणाला. शंभर किलो उसाला दहा किलो गूळ. झाऱ्याबरोबर थोडा रसही जातोच, तरी पांढरा फेस येईपर्यंत त्याचा हात थांबला नाही. शंभरले दहा, आणि त्यातही हा काटेकोरपणा!

हायड्रोस पावडर टाकली की मळी नीट न काढताही गूळ पिवळाधमक दिसतो. ती रंग उडवते, घाण काढत नाही. साठवणीत तो गूळ पुन्हा काळवंडतो. शिवाय या पावडरीमुळे गुळात सल्फर डायऑक्साइड उरतो; तो 70 पीपीएमपेक्षा जास्त नसावा, असा नियम आहे. आखाजीच्या पुरणासाठी दुकानात पिवळीच ढेप मागणाऱ्यांनी ही काहील एकदा बघावी.

118 अंशांच्या आसपास पाक उतरला, वाफ्यात ओतला, घोटला. ढेपा तांबूस झाल्या. पिवळ्याला भाव जास्त मिळतो, हे गुळव्यानेच सांगितलं, आणि पुढच्या काहिलीसाठी बाईंकडे भेंडीचं पाणी मागितलं.