बोलका पिवळा सदरा

टकलू डोकं, पुढे आलेले दात, घोट्यापर्यंत लोळणारा पिवळा सदरा. आणि पोराचं बोलणं त्या सदऱ्यावरच लिहिलेलं. रिचर्ड आउटकॉल्टने 1895 मध्ये ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीत आणलेला हा ‘यलो किड’ लवकरच बिल्ल्यांवर, बिस्किटांच्या डब्यांवर, सिगारेटींच्या जाहिरातीत दिसू लागला. पण पात्रावर हक्क कुणाचा? 1896 मध्ये विल्यम हर्स्टने आउटकॉल्टला आपल्या ‘जर्नल’मध्ये ओढलं, तर ‘वर्ल्ड’ने तेच पोरगं जॉर्ज लक्सकडून रेखाटून घेतलं. एकाच शहरात दोन यलो किड!

‘बस्टर ब्राउन’ या पुढच्या पात्राच्या वेळी आउटकॉल्ट सावध होता. 1904 च्या सेंट लुईस प्रदर्शनात त्याने बस्टरचे हक्क अनेक उत्पादकांना रीतसर विकले. ब्राउन शू कंपनीने त्याच्या नावाने मुलांचे बूट काढले, आयाही मुलांना बस्टरसारखेच कपडे शिवू लागल्या. माझ्या मते पात्रांचे हक्क विकण्याच्या धंद्याची खरी सुरुवात इथेच होते.

मिकी माउस मात्र शाळेच्या वहीवरून बाजारात आला. 1929 मध्ये त्या हक्काचे वॉल्ट डिस्नेला 300 डॉलर मिळाले. 1932 मध्ये के कामेन या जाहिरातवाल्याने सूत्रं हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी इंगरसोल कंपनीचं मनगटी घड्याळ आलं. त्यात मिकीचे हातमोजे घातलेले हातच काटे होते. मंदीत डबघाईला आलेली ही कंपनी या घड्याळाने सावरली.

टी-शर्टवर अशी चित्रं यायला एवढा उशीर का झाला? अडचण शाईची होती. स्क्रीन प्रिंटिंगचं पेटंट मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने 1907 मध्येच घेतलं होतं: ताणलेली जाळी, नको तेवढा भाग बुजवलेला, आणि रबरी पट्टीने दाबून पलीकडे उतरवलेला रंग. आपल्याकडे लग्नपत्रिका कित्येक वर्षं अशाच छापल्या गेल्या. पण बनियनच्या विणीचं कापड ताणलं जातं, धुतलं जातं. रंग तडकतो, नाहीतर जाळीतच वाळून बसतो. तरीही 1950 च्या दशकात मायामीच्या ट्रॉपिक्स टॉग्जने डिस्नेची पात्रं टी-शर्टवर छापली. त्यानंतर 1959 च्या सुमाराला प्लास्टिसॉल शाई आली. ती जाळीवर वाळत नाही, सुमारे 160 अंश सेल्सियस उष्णता मिळाली की मगच कापडावर पक्की बसते. पाठोपाठ मायकेल व्हॅसिलँटोनने फिरत्या हातांचं यंत्र घडवलं. एका हातावर काळा, पुढच्यावर लाल, त्यापुढे पिवळा. 1969 मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि मिकीची लाल चड्डी व पिवळे बूट एकाच फेरीत, एकमेकांत न मिसळता छापून निघू लागले.