डिस्चार्जनंतरचे नव्वद दिवस

पनवेलहून उरणच्या रस्त्याने जासई आणि करळ फाटा मागे टाकला की द्रोणागिरीच्या इमारती दिसू लागतात. सिडकोने भराव घालून वसवलेला हा भाग. त्याआधी इथे खारबांध होते, भातखाचरं होती, जवळपास मिठागरं होती. इथल्या जुन्या माणसांना उघाडी समजावून सांगावी लागत नाही. ओहोटीला ती खाचरातलं पाणी खाडीत सोडते आणि भरतीला दार मिटून खारं पाणी बाहेर ठेवते. उघाडी बिघडली की आतलं पाणी ओसरत नाही, मागे तुंबतं आणि सगळ्यांत सखल खाचर आधी बुडतं. हृदयाची पुढे ढकलण्याची ताकद कमी झाली की शरीरात असंच घडतं. डावी बाजू थकली तर पाणी फुफ्फुसात साठतं. मग जिना चढताना दम लागतो, पुढे रात्री आडवं झालं की गुदमरायला होतं आणि एका उशीच्या तीन उशा होतात. उजवी बाजू थकली तर घोट्यावर सूज येते, पोट फुगतं, जेवण जात नाही. या आजाराला आपण हार्ट फेल्युअर म्हणतो. घरात मात्र बोललं जातं ते ‘पंपिंग कमी झालंय’ असं.

हा पंपिंगचा आकडा बऱ्याच घरांची झोप उडवतो. टू-डी इकोच्या कागदावर तीस टक्के लिहिलेलं असतं आणि घरच्यांना वाटतं की सत्तर टक्के हृदय गेलं. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच टाकतं. तीस हा आकडा गंभीर आहे, पण तो शंभरातला तीस नाही. आणि तो कायमचा कोरलेलाही नसतो. उलट, काहींचं पंपिंग ५० च्या वर असतं तरी हृदय ताठर झाल्यामुळे ते नीट भरत नाही आणि दम लागतोच. मधुमेह, वाढलेलं वजन आणि जुना रक्तदाब असलेल्यांमध्ये, त्यातही वयस्कर बायकांमध्ये, हा प्रकार बराच दिसतो. ‘इको नॉर्मल आहे, वयामुळे होतंय’ असं सांगून त्यांना परत पाठवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या देशातलं चित्र काय आहे, हे आता अंदाजावर सोडायची गरज नाही. राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदवहीत ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ रुग्णांची माहिती गोळा झाली. त्यांचं सरासरी वय साठच्या आसपास निघालं. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः सत्तरी ओलांडलेल्यांचा आहे, आपल्याकडे तो कमावत्या वयात गाठतो. बहुतेकांच्या मागे कारण होतं हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, म्हणजे आधी येऊन गेलेला किंवा लक्षातच न आलेला झटका. दाखल झाल्यापासून नव्वद दिवसांत शंभरातले सुमारे चौदा रुग्ण दगावले. त्याआधी २०१३ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये झालेल्या अशाच नोंदणीत रुग्णालयात असताना साडेआठ टक्के दगावले होते, वर्षअखेर मात्र तो आकडा तीस टक्क्यांच्या वर गेला. थोडक्यात, आयसीयूतून जिवंत घरी आलेला माणूस घरी आल्यावर जातो.

हे मला सगळ्यांत अस्वस्थ करतं, कारण औषधं आता आहेत. १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. जगात पहिलं प्रत्यारोपण होऊन तेव्हा जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. तो रुग्ण काही तासच जगला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून मुंबईत आणलेलं हृदय मुलुंडच्या रुग्णालयात यशस्वीपणे बसवलं गेलं आणि ग्रीन कॉरिडॉर हा शब्द घरोघरी पोहोचला. त्या कामाचं मोल मोठं आहे. पण दात्याचं हृदय मिळणारे रुग्ण मोजकेच राहणार. बाकीच्या हजारोंचं आयुष्य वाढवलं ते गोळ्यांनी. १९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या, अतिशय स्वस्त गोळीने गंभीर रुग्णांमधले मृत्यू तीस टक्क्यांनी कमी झाल्याचं सिद्ध झालं. त्या बातमीचा आवाज कुठेच झाला नाही.

गोळ्यांचं काम कळायला आधी शरीराची चूक कळायला हवी. रक्ताचा दाब कमी पडला की मूत्रपिंडाला वाटतं, कुठेतरी रक्तस्राव झाला आहे. ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं. सोबत ॲड्रिनॅलिनसारखी संप्रेरकं हृदयाला जोरात धडधडायला लावतात. जखमी माणसाचा जीव यामुळे वाचतो. पण हृदयच थकलेलं असेल आणि हा आदेश महिनोन्‌महिने चालू राहिला तर तेच हृदय आणखी ताणलं जातं, पसरतं, कमकुवत होतं. औषधांचे चार मुख्य गट हा चुकीचा आदेश वेगवेगळ्या ठिकाणी अडवतात. कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट हा बीटा ब्लॉकर. सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन, किंवा त्याऐवजी एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांपैकी एखादी जुनी गोळी. तिसरी स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि चौथी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. बीटा ब्लॉकर तर एके काळी या रुग्णांना देऊच नये असं शिकवलं जायचं. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी तो देऊन पाहिला, पण जगाची खात्री पटायला पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली.

डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टनचं २०२३ मध्ये. किमती बऱ्याच उतरल्या. तरीही राष्ट्रीय नोंदवहीत, ज्यांचं पंपिंग कमी आहे अशा निम्म्याहून कमी रुग्णांनाच मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे औषधं मिळत होती. किंमत हे त्यामागचं एकमेव कारण नाही. ‘मला बीपी नाही, मग बीपीची गोळी कशाला?’ आणि ‘शुगर नसताना शुगरची गोळी का दिली?’ हे दोन प्रश्न कुठल्याही औषधाच्या दुकानासमोर ऐकू येतात. पहिल्या तीन गटांतल्या गोळ्या रक्तदाबासाठीही वापरल्या जातात, चौथी मुळात मधुमेहाची. हार्ट फेल्युअरमध्ये त्या हृदयासाठी दिलेल्या असतात, हे डिस्चार्जच्या वेळी कुणी दोन मिनिटं बसून सांगत नाही. मग गावातला डॉक्टर रक्तदाब मोजतो, वरचा आकडा १०० येतो आणि गोळी बंद होते. चक्कर येत नसेल, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत नसेल, तर या रुग्णाला १०० चा रक्तदाब चालतो. तेवढ्या कारणाने औषध थांबवू नये.

डोस वाढवणं हा तितकाच दुर्लक्षित भाग. ही औषधं छोट्या मात्रेने सुरू करून वाढवत न्यायची असतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँग-एचएफ या अभ्यासात रुग्णांना घरी गेल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत वारंवार बोलावून, तपासून, दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेपर्यंत नेलं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारात २३ टक्के होतं, ते १५ वर आलं. यात नवं औषध एकही नव्हतं. रुग्णाला लवकर आणि पुन्हापुन्हा भेटणं, एवढंच होतं.

द्रोणागिरीच्या माणसाला हे ‘पुन्हापुन्हा भेटणं’ परवडतं का? जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली, त्याच दिवशी अटल सेतूही खुला झाला. नेरूळ, बेलापूर, मुंबई जवळ आली हे खरं. पण दम लागणाऱ्या माणसाला सोबत लागते, सोबतीच्या माणसाचा रोज बुडतो. आज ज्याला महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणतो ती राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. अँजिओप्लास्टीला, बायपासला तिचा मोठा आधार मिळाला. पण योजनेचा भर दाखल करून केलेल्या उपचारांवर आहे आणि या आजाराचा खरा खर्च दर महिन्याच्या गोळ्यांचा, पोटॅशियम-क्रिएटिनिनच्या तपासणीचा, फेऱ्यांचा आहे. उरणच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस प्रशिक्षित नर्सने वजन, रक्तदाब आणि नाडी पाहावी, रक्त घ्यावं आणि मोठ्या रुग्णालयातल्या हृदयरोगतज्ज्ञाशी फोनवर बोलून मात्रा ठरवावी, याला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. स्वीडनमध्ये नर्सनी चालवलेल्या अशा केंद्रांमुळे रुग्ण जास्त जगले, हे वीस वर्षांपूर्वीच दिसलं आहे.

तोवर घरात काय करता येईल? सगळ्यांत उपयोगी यंत्र म्हणजे वजनकाटा. सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत रोज वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. एक लिटर पाणी साठलं की वजन एक किलोने वाढतं, पायाची सूज डोळ्यांना दिसते ती बरीच उशिरा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दम लागायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. काही डॉक्टर अशा वेळी लघवीची गोळी किती वाढवायची हे आधीच लिहून देतात. तसं मागून घ्यावं.

ही लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टोर्सेमाइड, इथे एका वेगळ्याच कारणाने चुकते. १९८९ मध्ये न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं, तेव्हापासून हा कंटेनरचा परिसर आहे. ट्रेलर घेऊन तासन्‌तास रांगेत थांबलेल्या ड्रायव्हरला सकाळी ती गोळी घेऊन दर अर्ध्या तासाला लघवीला जाणं शक्यच नसतं. तो ती टाळतो आणि डॉक्टरांना सांगत नाही. शिफ्ट संपल्यावर, दुपारी गोळी घेतली तरी बहुतेकांचं भागतं. डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्यायची, एवढंच.

मिठाबद्दल इथे बोलणं नाजूक आहे. मीठ पिकवणाऱ्या आणि मासळी सुकवणाऱ्या मुलखात ‘सुकं बंद’ असा हुकूम काढला तर तो पाळला जात नाही, आणि सरसकट तो बरोबरही नाही. वलांडीवर वाळवलेले बोंबील आणि उन्हात पसरलेला जवळा पुष्कळदा मीठ न लावताच सुकवतात. खारा बांगडा, खारवलेली सुरमई यांचं तसं नाही, त्या मिठातच मुरलेल्या असतात. विकत घेताना विचारावं, भिजवून पाणी टाकून द्यावं आणि वरून मीठ घालू नये. लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स आणि पोटात गॅस झाला म्हणून घेतलेलं सोड्याचं फसफसणारं चूर्ण यांतलं मीठ कुणी मोजत नाही. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. त्याहून खूप कडक पथ्याने मृत्यू किंवा रुग्णालयाच्या फेऱ्या कमी झाल्याचं २०२२ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं नाही. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला अळणी जेवण वाढून त्याची भूकच मारू नये. पाण्याचंही तसंच. स्थिर असलेल्या रुग्णाला सरसकट दीड लिटरच्या बंधनाने फायदा होत नाही, असं २०२५ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी दाखवलं. ज्याला सूज आहे, ज्याचं सोडियम घसरलं आहे, त्याची गोष्ट निराळी.

आणि काही गोष्टी मात्र खरोखर घातक आहेत. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेलं डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मीठ-पाणी धरून ठेवतं, मूत्रपिंड दुखावतं आणि चार दिवसांत माणसाला पुन्हा आयसीयूत नेऊ शकतं. दुखलं तर पॅरासिटामॉल विचारून घ्यावं. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळणारं पोटॅशियमचं मीठ वापरू नये, रोज शहाळं पिऊ नये, कारण रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाची लय बिघडते. सॅक्युबिट्रिलची नवी गोळी सुरू झाली की घरातली एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलची जुनी पट्टी फेकून द्यावी, दोन्ही एकत्र चालत नाहीत. नवरात्राचे कडक उपास किंवा उलट्या-जुलाब असतील तर डॅपाग्लिफ्लोझिन त्या दिवसांत घ्यायचं का, हे आधी विचारावं. बसल्या जागी दम लागला, गुलाबीसर फेस आला, शुद्ध हरपली, तर विचारत बसू नये, १०८ ला फोन करावा.

सहा महिने हे सगळं सांभाळलं तर अनेकांच्या इकोचा कागद बदलतो. पंचवीसचं पंपिंग पंचेचाळीस झालेले रुग्ण आता दुर्मीळ नाहीत. नेमकं तेव्हाच घरात ठरतं की बरं झालं, आता एवढ्या गोळ्या कशाला. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी हाच प्रश्न रीतसर तपासला. पंपिंग पूर्ववत झालेल्या आणि कसलाच त्रास नसलेल्या रुग्णांमधल्या २५ जणांची औषधं काळजीपूर्वक, टप्प्याटप्प्याने बंद केली. सहा महिन्यांत त्यांतल्या ११ जणांचा आजार परतला. ज्यांची औषधं चालू ठेवली, त्यांच्यात त्या काळात एकाचाही परतला नाही.