पाच अतिचार आणि पुनर्वसन केंद्राचा उंबरठा

बाजारात माल घेताना आपण गाठोडे उघडून पाहतो, वजन तपासतो, समोरच्या पेढीची पत विचारतो आणि मगच व्यवहार करतो. पण घरातील मुलगा, सून किंवा भाऊ मानसिक आजाराने खचतो, महिनोन्‌महिने दुकानाची पायरी चढत नाही आणि डॉक्टर निवासी पुनर्वसनाचा सल्ला देतात, तेव्हा ही चोखंदळ नजर कोठे हरवते? दूरच्या गावातील एखाद्या केंद्राचा पत्ता गुपचूप मिळविला जातो. दरमहा शुल्क नेमाने पाठविले की कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानले जाते. नातेवाइकांना सांगितले जाते की, तो शिक्षणासाठी बाहेरगावी आहे; कारण बहिणीचे लग्न जमायचे असते, बाजारातील नाव सांभाळायचे असते.

या मौनाची किंमत आत राहणारा माणूस मोजतो. दि. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली आणि २८ मनोरुग्णांचा मृत्यू झाला. साखळ्यांनी जखडलेल्यांना पळता आले नाही. त्यांपैकी अनेकांना बरे होण्याच्या आशेने आप्तांनीच तेथे आणून ठेवले होते.

मग केंद्राची पारख करावी कशी? त्यासाठीची कसोटी आपल्या घरातच आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आश्रित जिवाशी गृहस्थाने कसे वागू नये, हे त्यांतून शिकविले जाते. आपल्या देशाचा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला व २०१८ मध्ये अमलात आला. तो या अतिचारांशेजारी ठेवून वाचावा. दोघांचे बोट जवळजवळ एकाच ठिकाणी आहे.

बंध म्हणजे बांधून ठेवणे. रुग्णाला साखळीने बांधणे व एकांत कोठडीत डांबणे कायद्याने निषिद्ध आहे. तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल, तेव्हाच शारीरिक प्रतिबंध करता येतो. त्याची नोंद ठेवावी लागते आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावे लागते. अशा नोंदी कशा ठेवल्या जातात, हे केंद्राला निःसंकोच विचारावे. दुपारी सारेच रुग्ण गुंगीत पडलेले दिसले, तर औषधांविषयीही प्रश्न करावा. गोळ्यांची गुंगी हादेखील डोळ्यांना न दिसणारा बंधच आहे.

वध या शब्दाचा येथे अर्थ जीव घेणे नव्हे, तर काठी-चाबकाने मारणे असा टीकाकारांनी केला आहे. मारहाणीच्या खुणा भेटीत दिसतीलच असे नाही. म्हणून कर्मचारी रुग्णाला नावाने हाक मारतात की टोपणनावाने हिणवतात, हे ऐकावे. आणि आपल्या माणसाशी काही वेळ एकांतात बोलावे.

छेद म्हणजे अवयव कापणे. आज कोणी अवयव कापीत नाही. परंतु सोयीसाठी सरसकट डोके भादरणे आणि एकसारखे कपडे चढविणे, हा माणूसपणाचाच छेद आहे. सक्तीचे मुंडण कायद्याने वर्ज्य आहे आणि स्वतःचे कपडे वापरण्याचा रुग्णाला हक्क आहे.

अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे, ओळखणे अधिक कठीण. कारण पुनर्वसनात कामाला खरोखर स्थान आहे. ठरल्या वेळी उठणे, खरेदीचा हिशेब लिहिणे, एकट्याने बसने जाऊन येणे, यांतून हरवलेला आत्मविश्वास परततो. पण ते काम त्या व्यक्तीच्या आवडी-क्षमतेनुसार, तिच्या संमतीने आणि व्यवसायोपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावे. केंद्राची भांडी व फरशा फुकटात घासून घेणे म्हणजे पुनर्वसन नव्हे. काम सक्तीचे नसावे आणि केल्यास त्याचा मोबदला मिळावा, असे कायदा सांगतो.

अन्नपाननिरोधाचा अर्थ उघड आहे. जेवण पुरेसे व ताजे आहे का, शिक्षा म्हणून ते रोखले जाते का, कंदमूळविरहित आहार व सूर्यास्तापूर्वीचे भोजन शक्य आहे का, हे आधीच विचारावे. येथे आपल्याकडूनही एक दक्षता हवी. लिथियम हे औषध घेणाऱ्याने पाणी फार कमी केले किंवा एकाएकी मीठ वर्ज्य केले, तर रक्तातील औषधाची पातळी धोकादायकरीत्या वाढू शकते. पर्युषणातील उपवास किंवा मीठ-त्याग करण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. औषधाच्या वेळाही त्यांच्याकडूनच बदलून घ्याव्यात, मनाने नव्हे.

हे पाच दोष टळले म्हणजे सेवा निर्दोष झाली. ती उत्तम झाली असे नव्हे. उत्तम सेवेसाठी आपल्याकडे शब्द आहे स्थितीकरण : डळमळलेल्याला पुन्हा स्थिर करणे. प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र लेखी योजना आहे का? ती ठरविताना त्याला विचारले गेले का? घरी परतण्याची तयारी दाखल झाल्यापासूनच सुरू होते का? केवळ कुटुंब स्वीकारीत नाही म्हणून कोणालाही आस्थापनेत अडकवून ठेवता येणार नाही, असे कायदा म्हणतो. आस्थापनेची नोंदणी बंधनकारक आहे, आणि तक्रारीसाठी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते.

स्थितीकरणात कुटुंबाचा वाटा किती मोठा असतो, हे अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात दिसले. डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून आपल्या माणसाजवळ राहू दिले. आप्त शेजारी असल्याने रुग्ण सावरत, आणि आप्तांनाही आजार समजून घरी नेण्याचे धैर्य येई.

आपणास तंबू ठोकावा लागणार नाही. ठरावीक दिवसांनी जावे, कधी पूर्वसूचना न देता भेट मागावी, डॉक्टरांशी बोलावे आणि परतणाऱ्यासाठी पेढीवर एक लहानसे, झेपेल असे काम राखून ठेवावे. सुरुवात कोठून करावी हे उमगत नसेल, तर शासनाची १४४१६ ही टेली-मानस सेवा चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.

ग्लान साधूंच्या वैयावृत्त्याची संधी मिळाली तर आपण धन्यता मानतो. आपल्याच घरातील ग्लान जीव दूरच्या खिडकीशी बसून आपली वाट पाहत असेल, तर त्याची सेवा पुढच्या वर्षावर ढकलू नये. या पर्युषणात क्षमायाचनेचा पहिला फोन त्याला जावा.