रेझरच्या जाहिरातीत केस!

स्त्रियांच्या रेझरची कुठलीही जुनी जाहिरात आठवा. पातं फिरतं ते आधीच गुळगुळीत असलेल्या पायावरून. अमेरिकेतल्या ‘बिली’ या रेझर कंपनीने २०१८ च्या जूनमध्ये ‘प्रोजेक्ट बॉडी हेअर’ ही मोहीम काढून ही रीत मोडली. छायाचित्रकार ॲशली आर्मिटेज यांच्या छोट्या फिल्ममध्ये काखेतले केस, जुळलेल्या भुवया, पोटावरची लव, अगदी पायाच्या बोटांवरचे केससुद्धा ऐटीत मिरवतात. आर्मिटेज यांची खरी कमाल मला रंगांत दिसते. सौंदर्यप्रसाधनं विकणारे तेच गोड, फिके गुलाबी रंग, तोच नाजूक उजेड. फक्त केस जागच्या जागी. त्यामुळे बघणाऱ्याला किळस वाटायला वावच उरत नाही, उलट हसू येतं.

या मोहिमेतली छायाचित्रं ‘अनस्प्लॅश’ या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य वापरता यावीत म्हणून दिली गेली. हे फार मोलाचं, कारण वृत्तपत्रांना आणि मासिकांना लागणाऱ्या तयार चित्रांत केसाळ पायाची स्त्री सहसा सापडत नाही.

अर्थात, बिली रेझरच विकते. पण जिलेटने १९१५ मध्ये स्त्रियांसाठी ‘मिलेडी डेकोलते’ रेझर आणला, तेव्हा काखेतले केस ही लपवायची अडचण ठरवली होती. इथे मात्र केस ठेवायचे की काढायचे, हे बाईवर सोडलं आहे.