अठरात दोन

मिरची लाल व्हायला लागली की रनाळे गावच्या शेतकऱ्यापुढे दोन बाजार असतात. पश्चिमेला नंदुरबार, पूर्वेला दोंडाईचा. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. रनाळे नव्या जिल्ह्यात आलं, दोंडाईचा जुन्यातच राहिलं. त्यामुळे बाजार दोन आणि त्यांचे जिल्हेही दोन. शेतकऱ्याला त्याचं काही नाही. कालचा भाव कुठे काय फुटला हे तो फोनवर विचारतो आणि गाडी तिकडे वळवतो.

मोठा बाजार नंदुरबारचाच. गुंटूरच्या खालोखाल देशात याच मिरचीबाजाराचं नाव घेतात. हंगामात बाजार समितीच्या आवारात ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागते. व्हीएनआर, जरेला, फापडा, शंकेश्वरी, तेजा, लाली अशी वाणागणिक बोली होते. इथं एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. शेतकरी मिरची वाळवून आणत नाही, ओलीच विकतो. वाळवण्याचं काम व्यापाऱ्याकडे असतं.

त्यासाठी गावाबाहेर पथाऱ्या आहेत. मोकळी जमीन सपाट करायची, त्यावर मिरची पसरायची, ऊन खाऊ द्यायची, उलटीपालटी करायची. नजर पोचेल तिथवर लाल. तोंडाला फडकं बांधलेल्या बाया ओळीनं बसून देठ खुडत असतात, रंग उडालेली फटकी बाजूला टाकत असतात. नवखा माणूस तिथं दोन मिनिटं उभा राहिला तर खोकून बेजार होतो. शंभर किलो ओल्या मिरचीतून साधारण पंचवीस ते पस्तीस किलो वाळलेला माल हाती येतो. खरेदीदार बोली लावतो तेव्हा हा आकडा त्याच्या डोक्यात असतो. किती सुटेल, फटकी किती निघेल, वाळेपर्यंत आभाळ कसं राहील, हे सगळं त्या एका भावात बसवायचं असतं.

आभाळाचा भरवसा मात्र नाही. नोव्हेंबर 2023 च्या शेवटी अवकाळी पाऊस झाला आणि पथाऱ्यांवरची मिरची भिजली. भिजलेली मिरची काळी पडते, तिला बुरशी धरते. शेतातलं पीक गेलं तर पंचनामा होतो. पथारीवरचा माल व्यापाऱ्याचा, म्हणजे सरकारी हिशेबात तो शेती नव्हे. त्याचं त्यानं बघावं. यावर ‘व्यापाऱ्याचं काय एवढं’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ज्याचा माल भिजला तो पुढच्या लिलावात हात आखडूनच बोली लावतो. मिरचीला हमीभाव नाही, त्यामुळे भावाला खाली अडवणारं काहीच नसतं. पथारीवरचं नुकसान असं चार दिवसांत रनाळ्याला पोचतं.

मग या व्यापाऱ्याचं म्हणणं मांडतं कोण? बाजार समिती मांडत असेल असं वाटतं, पण ती त्याची नाही. 1963 च्या कायद्याखाली चालणाऱ्या बाजार समितीच्या संचालक मंडळात निवडून येणारे अठरा. अकरा सहकारी सोसायट्यांमधून, चार ग्रामपंचायतींमधून, एक हमाल-मापाड्यांचा आणि दोन अडते-व्यापाऱ्यांचे. ही विभागणी मला रास्तच वाटते. खानदेशाला तिचं मोल वेगळं सांगायला नको. 1927 च्या मुंबई कापूस बाजार कायद्याखाली पहिला नियंत्रित बाजार उभा राहिला तो धुळ्यात. त्याआधी काट्यात, कडत्यात आणि रुमालाखालच्या सौद्यात किती कापूस मुरला, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

पण अठरात दोन म्हटल्यावर व्यापारी आपलं गाऱ्हाणं समितीबाहेर नेणार, हे ओघानंच आलं. गावातली व्यापारी असोसिएशन ही पहिली पायरी. तिच्या वर राज्याची संस्था, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड ॲग्रिकल्चर. वालचंद हिराचंद यांनी ती 1927 साली काढली. कापूस बाजार कायद्याचंही हेच साल. असल्या संस्थांचं कूळ जुनं आहे. फ्रान्सच्या मार्सेय बंदरात 1599 मध्ये पहिलं चेंबर निघालं. मुंबईत 1836 साली निघालेलं बॉम्बे चेंबर युरोपियन पेढ्यांच्या हातात होतं. पुढे पोर्ट ट्रस्टवर आणि कायदेमंडळातही त्याला जागा मिळाल्या. देशी व्यापाऱ्यांनी 1907 मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर काढलं, पण त्याचं लक्ष मुंबईच्या पेठांवर. सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांना मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राची गरज दिसली, यात नवल नाही. ठिकठिकाणच्या व्यापारी संघटना महाराष्ट्र चेंबरच्या सभासद असतात.

चेंबर काय करतं, याचं उत्तर ऐकायला जरा रुक्ष आहे. निवेदनं देतं. निर्यातीच्या मालाला मूळ देशाचा दाखला देतं. कराची नवी तरतूद आली की तिची फोड करून सांगतं, पटली नाही तर मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतं. मिरचीचंच बघा. ओल्या मिरचीवर जीएसटी नाही, वाळलेल्या मिरचीवर पाच टक्के. माल तोच, मध्ये ऊन तेवढं लागलेलं. मोठा मसालेवाला या कराचे कागद चुटकीसरशी करतो. पथारी लावणाऱ्या लहान व्यापाऱ्याला मात्र त्यासाठी माणूस ठेवावा लागतो. किंवा 2003 सालचं घ्या. भारतातून गेलेल्या मिरची पुडीत सुदान नावाचा रंग युरोपात सापडला आणि मसाला मंडळाला निर्यातीआधी तपासणी सक्तीची करावी लागली. जमिनीवर वाळवलेल्या मालाला बुरशीच्या विषाचाही धोका असतो. असल्या वेळी आपल्या गावातल्या माणसांना वेळेवर आणि समजेल अशा भाषेत सांगणारी संस्था हवी असते. सत्कार समारंभ आणि चर्चासत्रं यांतच रमणारी चेंबरं मी पाहिली आहेत. त्यांच्या अहवालात फोटो भरपूर असतात.

रेल्वेच्या सल्लागार समित्यांवरही चेंबरचे प्रतिनिधी घेतात. रनाळ्याला ही बाब जवळची. सुरत-भुसावळ मार्गावर गावाचं स्वतःचं स्थानक आहे. ताप्ती व्हॅली रेल्वे म्हणून विसाव्या शतकाच्या तोंडावर टाकलेला हा मार्ग आता दुहेरी झाला आहे. नंदुरबार पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात येतं, म्हणजे इथल्या गाडीच्या थांब्याचा विषय लोकलच्या गर्दीत मुंबईला पोचतो. तिथं तो रेटायला कुणीतरी खमका लागतो.

संघटनेच्या या ताकदीला दुसरी बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. 19 ऑगस्ट 2023 ला केंद्रानं कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले, सप्टेंबरमध्ये व्यापाऱ्यांनी ते पुन्हा बंद पाडले. शुल्क मागे घेण्याची मागणी शेतकऱ्याच्याही फायद्याची होती, पण लिलाव बंद असताना कांदा चाळीत सडत होता शेतकऱ्याचा. व्यापाऱ्याचं भांडवल बिनव्याजी पडून राहिलं, एवढंच. मागणी आपली आणि झळ दुसऱ्याला, असं हत्यार वापरणाऱ्या संघटनेनं आधी सोसायट्यांशी बोलावं, ही अपेक्षा फार नाही.

महाराष्ट्र चेंबरच्या नावात शेवटचा शब्द शेतीचा आहे. तो नुसता पाटीवर राहू नये असं वाटत असेल, तर पथारीवर करण्याजोगं पुष्कळ आहे. आच्छादित वाळवणीगृहं, सौर वाळवणी यंत्रं, भिजलेल्या मालासाठी परवडणारा विमा. यातलं एकेकट्या व्यापाऱ्याला झेपणार नाही, आणि बाजार समितीची हद्द लिलावाच्या ओट्यापाशी संपते. वाळवणीची खात्री झाली तर बोलीत आभाळासाठी कापला जाणारा रुपया कमी होईल. चुरडा-मुरडा रोगानं अर्धं पीक गेलेल्या वर्षी रनाळे, आसाणे, घोटाण्याच्या शेतकऱ्याला तेवढाही आधार पुरतो.

देठ खुडणाऱ्या बायांचं मात्र अजून कुठंच नाव नाही. हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आहे, संचालक मंडळात त्यांची एक जागा आहे. व्यापाऱ्यांच्या दोन, आणि वर चेंबर. शेतकऱ्यांच्या पंधरा. बायांची मजुरी ठरते पथारीवर, पथारीवाल्याशी, आणि पाऊस आला की तीही बंद.