उन्हातला गाउन आणि पिक्सेलचं बावखल

वसईच्या किल्ल्यातल्या बिनछपराच्या चर्चमध्ये दुपारी कॅमेरा लावून बघा. एका भिंतीवर रणरणतं ऊन, दारापलीकडे काळोख, वर पांढरे ढग आणि मधोमध प्री-वेडिंगच्या शूटिंगला पांढऱ्या गाउनमध्ये उभी असलेली नवरी. आपल्या डोळ्यांना या दृश्यात काहीच अवघड वाटत नाही, पण कॅमेऱ्याला यातलं काहीतरी सोडावंच लागतं. काय सोडायचं ते तिथल्या तिथे ठरतं. रंग नंतर संगणकावर चढवता येतो, न टिपलेला उजेड आणता येत नाही.

सेन्सरवरचा एकेक पिक्सेल म्हणजे वसईतलं इवलंसं बावखल, म्हणजे तळं. शटर उघडं असेपर्यंत त्यात फोटॉन पडत राहतात, त्यांनी सुटे केलेले इलेक्ट्रॉन साठत राहतात. काठोकाठ भरलं की पुढचं सगळं वाहून जातं. गाउनची लेस आणि तिच्यामागचं कापड, दोन्हींचे पिक्सेल सारखेच तुडुंब भरले तर लेस संपली. नंतर रंग चढवणाऱ्या कलरिस्टने उजळपणा कितीही खाली ओढला तरी तिथे सपाट करडा डागच निघतो.

मग सरळ कमीच उजेड घ्यावा? खरी गंमत इथे आहे. प्रकाश सुट्या कणांनी येतो आणि तेही बेशिस्तीने. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन येणार असतील, तर प्रत्यक्षात कधी ९० येतात, कधी ११०. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे इथे १० टक्के. फोटॉन १०,००० असले तर तो जेमतेम १ टक्का. सावलीतला तो वळवळणारा रवाळपणा सगळाच कॅमेऱ्याचा दोष नव्हे. त्यातला बराचसा प्रकाशाचा स्वतःचा स्वभाव आहे! आयएसओ वाढवून फोटॉन वाढत नाहीत, आलेल्यांचा आकडा तेवढा फुगतो.

हिशेबातही सावली उपाशीच राहते. १२ बिटमध्ये उजेडाच्या ४०९६ पायऱ्या असतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, त्यामुळे सर्वांत उजळ स्टॉप एकटाच २०४८ पायऱ्या खातो, त्याखालचा १०२४. दहाव्याच्या वाट्याला चार उरतात. लॉग रेकॉर्डिंग ही वाटणी बरीच समान करतं, म्हणून चित्र फिकट दिसतं. सोनीच्या एस-लॉग३ मध्ये १८ टक्क्यांचं करडं कार्ड सिग्नलच्या ४१ टक्क्यांवर बसतं आणि पांढरा कागद ६१ वर. मॉनिटरमध्ये डोकावणाऱ्या नवरीच्या आईला गाउन मळलेला वाटतो, ते यामुळेच.

आता प्रत्यक्ष शूटिंग. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवावं. हालचाल नैसर्गिक दिसते आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या दिव्यांचं फडफडणंही टळतं. आयएसओ कॅमेऱ्याच्या मूळ आकड्यावर. मग उन्हात उजेड आवरायला उरतो एनडी फिल्टर. तो हळूहळू हलका करत जावं आणि मॉनिटरमध्ये गाउनवर उजेड हद्दीबाहेर गेल्याचं सांगणारे झेब्राचे पट्टे उमटायच्या जरा आधी थांबावं. माझ्या मते मीटर सांगतो त्यापेक्षा एखादा स्टॉप जास्तच घ्यावा, ग्रेडिंगमध्ये तो खाली आणला की सावल्या स्वच्छ निघतात. शॉट बदलला तरी चेहऱ्याची पातळी मात्र तीच हवी. फाटकाबाहेर उन्हात लखलखणारी रिक्षाची काच खुशाल उडू द्यावी, तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतंच.