घोरणाऱ्याला न कळणारा आजार

महाडजवळच्या सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर अंग शेकायला आलेला माणूस आपली सगळी दुखणी सांगतो: गुडघे, कंबर, खाज. एक दुखणं मात्र तो सांगणार नाही, कारण ते त्याला ठाऊकच नसतं. तो झोपला की ते सुरू होतं. "आमचे हे ढाराढूर झोपतात, घोरतात तर केवढे!" बायको सांगते. पण त्या घोरण्यात मध्येच शांतता पडते. दहा सेकंद, वीस, कधी त्याहूनही जास्त. मग घुसमटून, दचकून श्वास परत येतो. हा स्लीप ॲप्निया.

असं का व्हावं? श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. तिच्या वरच्या घशाला तसा नाही. घसा असा मऊ आहे म्हणून तर आपण गिळतो, बोलतो, गातो. जागेपणी स्नायू त्याला उघडा धरून ठेवतात. झोपेत ते सैलावतात, जीभ मागे सरकते आणि भिजलेल्या कागदी नळीतून सरबत ओढावं तसा घसा चपटा होतो. छाती ओढत राहते, हवा येत नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन घसा मोकळा करतो आणि पुन्हा झोपी जातो. हे तासाला ३० वेळा किंवा जास्त झालं तर आजार तीव्र समजतात, म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा! सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही.

याहून नवल हृदयाचं. बंद घशापुढे छाती जोर लावते, तेव्हा छातीतला दाब घटतो आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. हृदयाला वाटतं, अंगात पाणी फार झालं. ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकू लागतात. म्हणून हा माणूस रात्री तीन-तीनदा लघवीला उठतो आणि साखरेची नाहीतर प्रोस्टेटची शंका घेऊन दवाखान्यात येतो. दुसऱ्याचं बीपी गोळ्या वाढवूनही उतरत नाही. तिसऱ्याचं डोकं सकाळी जड असतं. श्वास थांबतो असं कुणीच म्हणत नाही. हे धागे जोडायचे ते जवळच्या डॉक्टरनं.

आजार दुर्मीळही नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या, एरवी निरोगी समजल्या जाणाऱ्या पुरुषांपैकी ७.५ टक्के जणांना हा आजार दिवसाच्या झोपाळूपणासह होता.

जवळचा डॉक्टर काय करू शकतो, हे महाडला वेगळं सांगायला नको. तालुक्यातल्याच बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. लाल विंचवाच्या विषानं हृदय कोलमडतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं, हे त्यांनी ओळखलं. मग प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून त्यांनी असंख्य जीव वाचवले. त्यांचं हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हाताशी मोठी यंत्रं नव्हती, पण रुग्णाकडे सलग पाहणं होतं.

स्लीप ॲप्नियालाही तेच हवं. मान मोजायला टेप, बीपीचं यंत्र आणि चार प्रश्न: घोरता का, श्वास थांबलेला कुणी पाहिला का, दिवसा डुलकी लागते का, बीपी आहे का. शंका आली तर बोटाला आणि नाकाला छोटी उपकरणं लावून घरीच रात्रभर तपासणी करता येते. उपचारात वजन, दारू, कुशीवर झोपणं हे आलंच. तीव्र आजारात नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र लागतं. ते सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली मांडलं. मास्क टोचतो, नाक कोरडं पडतं, माणूस कंटाळून यंत्र कोपऱ्यात ठेवतो. अशा वेळी वरचेवर भेटणारा डॉक्टरच त्याला टिकवून धरतो. ऑस्ट्रेलियात १५५ रुग्णांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रशिक्षित फॅमिली डॉक्टर आणि नर्स यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांची दिवसाची झोप सहा महिन्यांत तज्ज्ञ केंद्रातल्या रुग्णांइतकीच कमी झाली.

पोलादपूरवरून कशेडी घाटात ट्रक चढवणाऱ्या चालकाला डुलकी लागली, तर धोका त्याच्या एकट्याचा राहत नाही. तेव्हा पुढच्या वेळी बीपी दाखवायला जाताना, रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसालाही सोबत न्या आणि डॉक्टरांशी आधी त्यांनाच बोलू द्या.